आज कोण आलं नाही?



ज्या पंथाला पुजारी नाही, मूर्ती नाही, ठरलेली प्रार्थना नाही आणि ज्याच्या उपासनेत तासातला बहुतेक वेळ कुणी बोलतच नाही, अशा पंथाविषयी मी आज बोलणार आहे. क्वेकर हे त्यांना इतरांनी दिलेलं नाव. ते स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात जॉर्ज फॉक्स नावाच्या फिरत्या उपदेशकाभोवती ही मंडळी जमली. प्रत्येक माणसात ईश्वराचं काहीतरी आहे आणि ते ऐकायला मध्यस्थ लागत नाही, हे त्यांच्या श्रद्धेचं मूळ. मग रविवारी एका साध्या खोलीत, बाकांवर समोरासमोर बसायचं आणि गप्प राहायचं. एखाद्याला आतून बोलावंसं वाटलंच तर उठून चार वाक्यं बोलायची आणि पुन्हा बसायचं. त्यावर कुणी वाद घालत नाही, उत्तर देत नाही. तासाभराने शेजाऱ्याशी हात मिळवायचा. झाली उपासना.

हा विषय सफाळ्यात कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्याचं उत्तर आपल्या स्टेशनावरच आहे. मार्च २०२० मध्ये जगभरच्या फ्रेंड्सची सभाघरं बंद झाली. त्याच महिन्यात, २२ तारखेच्या रात्री, आपली लोकल थांबली आणि तिच्या डब्यांतून वर्षानुवर्षं चालत आलेली भजनंही थांबली. तिकडे मौन धरणारी माणसं, इकडे टाळ वाजवणारी. दोघांपुढे प्रश्न एकच होता: एकत्र जमायचं नाही, तर उपासना कशी करायची? दोघांच्या हातात साधनही एकच होतं, खिशातला फोन. पण त्या साधनाने एकाला तारलं आणि दुसऱ्याला जवळपास काहीच दिलं नाही. असं का झालं, हे नीट पाहिलं तर माणसं जमतात तेव्हा नेमकं काय घडतं हेही कळतं. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

फ्रेंड्स आपल्याला अगदीच परके नाहीत. रेचेल मेटकाफ नावाची इंग्रज क्वेकर बाई १८६६ साली हिंदुस्थानात आली. पुढे होशंगाबाद, म्हणजे आजचं नर्मदापुरम, आणि आपल्या सगळ्यांना रेल्वेमुळे ठाऊक असलेलं इटारसी या पट्ट्यात त्यांचं काम वाढलं. दुष्काळ, अनाथ मुलं, शाळा, शेती ही त्यांच्या कामाची क्षेत्रं. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी १९३१ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक या क्वेकर अभ्यासकेंद्रातही मुक्कामाला होते. आणि मार्जरी साइक्स! १९२८ साली मद्रासमध्ये शिकवायला आलेली ही बाई पुढे शांतिनिकेतनात आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षं आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामात नयी तालीमचं काम करत राहिली. हिंदुस्थानातल्या क्वेकरांचा इतिहासही तिनेच लिहून ठेवला. सेवाग्रामची सर्वधर्मप्रार्थना आणि फ्रेंड्सची मौनसभा यांत तिला परकेपणा वाटला नाही. संख्येने मूठभर असलेल्या या लोकांची गोष्ट मराठी श्रोत्यांना सांगावीशी वाटते, त्याला हा जुना ऋणानुबंधही कारण आहे.

आता जरा मागे जाऊ. १६६४ साली इंग्लंडात एक कायदा झाला. घरच्या माणसांखेरीज पाचांहून जास्त माणसं राजमान्य चर्चबाहेर उपासनेसाठी जमली तर तो गुन्हा ठरला. जमावबंदीचं कलम आपण २०२० मध्ये अनुभवलं आहे, त्यामुळे पाच या आकड्याची जरब मी वेगळी सांगायला नको. बहुतेक पंथांची माणसं लपूनछपून जमू लागली. फ्रेंड्सनी मात्र दारं उघडी ठेवून, ठरल्या वेळी, ठरल्या जागी जमायचं सोडलं नाही. हजारोंना तुरुंग भोगावा लागला. लंडनमध्ये त्यांची सभाघरं पाडली गेली, तर ते त्याच दगडमातीच्या ढिगाऱ्यावर येऊन बसले. रेडिंग गावात आणि पुढे ब्रिस्टलमध्ये सगळी मोठी माणसं तुरुंगात गेली तेव्हा मागे राहिलेल्या मुलांनी सभा चालू ठेवली. मुलं ठरल्या वेळी यायची, गप्प बसायची, शिपायांचा मार खायची आणि पुढच्या वेळी पुन्हा यायची.

या प्रसंगावर मी खूप विचार केला आहे. ज्यांची उपासना म्हणजे गप्प बसणं, त्यांना घरात बसून गप्प राहायला कोण अडवणार होतं? राजाच्या कुठल्याही शिपायाला कुणाचं मौन पकडता आलं नसतं. आपापल्या खोलीत डोळे मिटून बसले असते तर एकही माणूस तुरुंगात गेला नसता. तरी ते रस्त्यावर आले, कारण एकट्याचं मौन आणि दहा जणांचं मिळून धरलेलं मौन या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकत्र बसल्यावर काही वेळा सगळी खोलीच एकदम खोल उतरते आणि बोलायला उठलेला माणूस नेमकं आपल्या मनातलं बोलतो, हा अनुभव त्यांच्या लेखनात साडेतीनशे वर्षं पुन्हा पुन्हा येतो. तो अनुभव एकट्याला येत नाही, असं ते म्हणतात.

ढिगाऱ्यावर बसणाऱ्यांच्या वारसांनी २०२० मध्ये एका आठवड्यात कुलपं लावली. यात मला धैर्याची घसरण दिसत नाही. तेव्हा आड आला होता राजा. या वेळी प्रश्न शेजारी बसणाऱ्याच्या श्वासाचा होता, आणि सभेतल्या बाकांवर म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी होती.

मग ते पडद्यावर आले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पेंडल हिल नावाचं त्यांचं केंद्र आहे, १९३० साली सुरू झालेलं. तिथे रोज सकाळी साडेआठला मौनसभा भरते. ती २०२० च्या वसंतात ऑनलाइन झाली आणि तिथल्या खोलीत मावणार नाहीत इतकी माणसं जगभरातून तिला येऊ लागली. त्यांचे सकाळचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा, त्यांच्या हिवाळ्यात सात. तिथे सकाळ उजाडलेली असते आणि आपल्याकडे दिवेलागण. मी त्या सभेला बसलो आहे. पडद्यावर चौकटी असतात. कुणी खिडकीशी, कुणी पलंगावर उशीला टेकून, कुणाच्या मागे पुस्तकांची फडताळं. सगळ्यांचे माईक बंद. बराच वेळ काही घडत नाही. मग एखाद्या चौकटीला कड येते, म्हातारा आवाज दोन वाक्यं बोलतो, पुन्हा शांतता. अनोळखी माणसांत बसूनही मला एकटं वाटलं नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो.

हे त्यांना साधलं याचं एक अगदी साधं, यंत्रातलं कारण आहे. आणि आपल्या भजनाला ते का साधलं नाही याचंही कारण तेच आहे.

२०२० च्या गणपतीत तुमच्यापैकी अनेकांनी परदेशातल्या नाहीतर पुण्या-नाशकातल्या मुलांबरोबर फोनवर आरती केली असेल. काय झालं ते आठवा. इकडे धृपद संपून टाळी पडते, तेव्हा तिकडचा मुलगा अजून मागच्या ओळीवर असतो. आपण त्याच्यासाठी थांबतो, तो आपल्यासाठी थांबतो, आणि आरती लांबत लांबत मोडून पडते. शेवटी एक घर म्हणतं आणि बाकीची घरं नुसती पाहतात. हा गायकांचा दोष नाही. एकमेकांचा आवाज साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांत कानावर पडला तर माणसं एका लयीत राहू शकतात. म्हणजे खोलीत दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज पोचायला लागतो तेवढा वेळ. फोनवरच्या सभेत हा उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जातो. शिवाय ही सॉफ्टवेअर बोलण्यासाठी घडवलेली आहेत. एका वेळी एकाचाच आवाज पुढे आणायचा, बाकीचे दाबायचे, हा त्यांचा धर्म. टाळ, टाळी, ढोलकी हा त्यांच्या हिशेबी गोंगाट, आणि ती तो निष्ठेने पुसून टाकतात.

म्हणजे एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात असं जे जे आहे, प्रवचन, कीर्तन, कथा, ते पडद्यावर टिकलं. दर्शन टिकलं. सगळ्यांनी मिळून गप्प बसणं टिकलं, कारण मौन उशिरा पोचलं म्हणून कुणाचा ताल चुकत नाही. पण सगळ्यांनी एका क्षणी एकच गोष्ट करणं, ज्यावर आपलं भजन उभं आहे, ते मोडलं. महाराष्ट्राची भक्ती मुळात समूहाच्या आवाजाची भक्ती आहे. गळा नसलेल्यालाही तिथे टाळ मिळतो, आणि टाळाला सूर लागत नाही, फक्त बाजूच्याचं ऐकावं लागतं. अशा भक्तीच्या हाती आलेल्या यंत्राने नेमकं बाजूच्याचं ऐकणंच अशक्य करून टाकलं.

गाडीतलं भजन सफाळ्याला मी काय सांगावं! तरी छापील व्याख्यान इतरांच्याही हाती जाईल म्हणून थोडं सांगतो. १६ एप्रिल २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत आली. त्याआधी शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आधार होता. माकुणसार, एडवण, दातिवऱ्यापासून पहाटे स्टेशन गाठायचं आणि मग चर्चगेटपर्यंत दोन तासांच्या आसपासचा प्रवास. या दोन तासांत माणसांनी मंदिर उभं केलं. डबा ठरलेला, दार ठरलेलं, बुवांची जागा ठरलेली. पखवाजाला जागा कुठली? ढोलकी, तीही नसेल तर डब्याच्या पत्र्यावर हाताने ठेका. नमन, रूपाचे अभंग, गवळण, आणि उतरायच्या आधी आरती. एखादं स्टेशन आलं की कोण चढणार हे ठाऊक असतं, त्याच्यासाठी टाळ काढून ठेवलेले असतात. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं. कारकून, फिटर, बँकेतला अधिकारी, तारापूरहून पाळी संपवून घरी निघालेला कामगार, सगळे एकाच धृपदाला. या आवाजाचा त्रास होणारे प्रवासीही असतात आणि त्यांची तक्रार खोटी नसते. पहाटे उठलेल्या माणसाला दोन तास झोप हवी असते, आणि डबा सगळ्यांचा आहे. पण भजन करणाऱ्यांसाठी तो दिवसातला एकमेव असा वेळ होता ज्यावर ना घराचा हक्क होता ना साहेबाचा.

मला त्यातली एक गोष्ट गाण्याहून मोठी वाटते. मंडळातला एखादा माणूस सलग दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याला फोन जातो. नोकरी गेली, दवाखाना निघाला, मुलीचं लग्न ठरलं, हे डब्यात नातेवाइकांच्याही आधी कळतं. रक्त लागलं तर डब्यातून माणसं जातात. निवृत्तीच्या शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ डब्यातच. ही सगळी व्यवस्था एका प्रश्नावर चालते आणि तो प्रश्न रोज विचारला जातो: आज कोण आलं नाही?

२२ मार्चनंतर हा प्रश्न विचारायची जागाच गेली. १५ जून २०२० ला लोकल सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. २१ ऑक्टोबरला महिलांना परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ ला सगळ्यांना, पण ठरावीक वेळांतच. म्हणजे नेमक्या ऑफिसच्या गाड्या वगळून. एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली. लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना मुभा मिळाली ती १५ ऑगस्ट २०२१ ला. जवळजवळ सतरा महिने. या काळात मंडळांचे व्हॉट्सॲप गट चालू होते. कुणी घरी एकट्याने म्हटलेला अभंग रेकॉर्ड करून टाकायचा, इतरांकडून जोडलेल्या हातांची चित्रं यायची. गटात नाव असलेला माणूस गप्प का आहे, हे कुणाला कळायचं नाही. गटात तर प्रत्येक जण गप्पच असतो. गाडीतली रिकामी जागा बोलते. गटातलं मौन काहीच सांगत नाही. गाड्या पुन्हा धावू लागल्यावर काही जागा रिकाम्याच राहिल्या: कुणी निवृत्त झालं होतं, कुणाचं काम घरून सुरू झालं होतं, कुणाची नोकरी गेली होती, आणि काही माणसं राहिली नव्हती. ज्या मंडळींना आपल्यातला माणूस गेल्याचं महिन्या-दोन महिन्यांनी कळलं, त्यांचं दुःख मला भजन थांबण्याच्या दुःखापेक्षा मोठं वाटतं.

आता पुन्हा फ्रेंड्सकडे. त्यांना पडद्याने काय दिलं हे आधी मोकळ्या मनाने मांडलं पाहिजे, कारण ते देणं मोठं आहे. ज्या आजीला जिना उतरवत नव्हता, जी पाच वर्षं सभेला आली नव्हती, ती परत आली. ज्यांच्या गावापासून शे-दोनशे किलोमीटरवर दुसरा फ्रेंड नव्हता, त्यांना दर आठवड्याला सभा मिळाली. ऐकू कमी येणाऱ्यांना पडद्यावर बोलणाऱ्याचे ओठ समोर दिसू लागले. मोठ्या खोलीत, लांबच्या बाकावरून पुटपुटल्यासारखं येणारं बोलणं त्यांना पूर्वी कधीच ऐकू येत नव्हतं. अंथरुणाला खिळलेला माणूस शेवटच्या दिवसांपर्यंत सभेत बसू शकला. पडद्यावरची उपासना दुय्यम, असं ज्यांना वाटतं त्यांनी या माणसांसमोर ते म्हणून पाहावं. त्यांच्यासाठी याआधी पहिल्या दर्जाचीही कुठली उपासना उरलेली नव्हती.

पण गेलं तेही थोडं नव्हतं. एका खोलीतलं मौन रिकामं नसतं. त्यात श्वास असतात, खुर्ची करकरते, कुणी खोकतं, बाहेर पाऊस लागतो आणि तो सगळ्यांना एकदमच ऐकू येतो. पडद्यावर प्रत्येकाचा माईक बंद असतो, म्हणजे कुणालाच कुणाचं मौन ऐकू जात नाही. प्रत्येक जण आपल्या घरातली शांतता ऐकत असतो आणि इतरांचे चेहरे पाहत असतो. दुसरं, उठून बोलण्यापूर्वी माणसाच्या छातीत जे धडधडतं, आपलं बोलणं खरोखर आतून आलं आहे की नुसतं सुचलं आहे याची जी पारख तो खुर्चीच्या कडेला बसून करतो, ती बटण दाबण्याच्या सोयीने सैल होते. तिसरं, सभा संपल्यानंतरचा चहा. धर्माच्या अभ्यासात चहाला कुणी जागा देत नाही, पण कुणाचं घर गळतंय, कुणाचा मुलगा बोलत नाही, हे कळायचं ते चहाच्या कपाशी. पडद्यावर तो चहा छोट्या छोट्या गटांत बसवून पाहिला गेला. घड्याळ लावून ठेवलेल्या गप्पांत असं काही बोललं जात नाही.

निर्बंध उठल्यावर सभाघरं उघडली, पण जुनी स्थिती परतली नाही. आता खोलीत बसलेले आणि पडद्यावरचे, दोघांची मिळून सभा भरते. खोलीच्या मधोमध घुबडाच्या आकाराचा, चहूकडे पाहणारा कॅमेरा ठेवलेला असतो. एका टोकाला भिंतीवर मोठा पडदा. ज्या पंथाने रंगीत काचा नाकारल्या, घंटा नाकारली, वेदी नाकारली, त्यांच्या खोलीत पूर्वी सगळे एकमेकांकडे तोंड करून बसायचे; आता अनेकांची नजर भिंतीकडे वळते. मला ही गोष्ट साधी वाटत नाही. माणसं कुठे तोंड करून बसतात यावरून उपासनेचं रूप ठरतं. काही सभांनी यावर तोडगा काढला आहे: एक रविवार खोलीत, एक पडद्यावर. काहींनी दोन सभाच वेगळ्या केल्या. सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही.

आणि मालमत्तेचा प्रश्न. गांधीजी जिथे राहिले ते वुडब्रुक, १९०३ पासून चालत आलेलं केंद्र, २०२३ मध्ये आपली वास्तू सोडून बाहेर पडलं. शिकवण्याचं काम थांबलं नाही, ते ऑनलाइन आणि ठिकठिकाणी जाऊन चालू आहे. पण बाग, जेवणघर, जिना, ग्रंथालय यांसकट जी जागा शंभरहून अधिक वर्षं लोकांना एकत्र आणत होती, ती सुटली. खर्च परवडत नाही हे कारण खरंच असतं. तरी वास्तू सोडली की ती परत येत नाही. आपल्या जिल्ह्यात जमिनीचे भाव कसे चढत आहेत ते आपण पाहतो. गावाची समाजमंदिरं, वाचनालयं, पारावरच्या खोल्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ‘सगळं ऑनलाइन होतंच आहे’ या वाक्यापासून सावध राहावं.

इथे एक दुरुस्ती केली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. जगात फ्रेंड्सची संख्या चार लाखांच्या आसपास आहे, आणि त्यांतले मौन धरणारे थोडे. निम्म्याच्या आसपास फ्रेंड्स आफ्रिकेत आहेत, सर्वांत जास्त केनियात, आणि त्यांच्या सभेत पाद्री असतो, प्रवचन असतं, आणि मोठ्याने, सगळ्यांनी मिळून गाणं असतं. म्हणजे त्या एकाच पंथात आपला भजनी डबाही आहे! त्यामुळे ‘क्वेकरांना ऑनलाइन साधलं’ हे विधान इंग्लंड-अमेरिकेतल्या मौनी सभांपुरतंच खरं. गाणाऱ्या फ्रेंड्सना तीच अडचण आली जी आपल्याला आली, आणि त्यात वीज आणि डेटाच्या खर्चाची भर. ऑगस्ट २०२४ मध्ये जगभरच्या फ्रेंड्सचं मोठं संमेलन दक्षिण आफ्रिकेत प्रत्यक्ष आणि ऑनलाइन असं दोन्ही प्रकारे भरलं, तेव्हा मौनी आणि गाणारे एकाच व्यासपीठावर होते. अशा वेळी यंत्र कुणाच्या बाजूने झुकतं हे लक्षात ठेवलं नाही, तर गरीब आणि गाणारे आपोआप मागे पडतात.

आपल्या आसपासही हे वेगवेगळ्या रीतीने घडलं. वसई धर्मप्रांतातल्या चर्चमध्ये २०२० चा ईस्टर, १२ एप्रिलचा, भाविकांविना झाला आणि मिस्सा घरोघरी पडद्यावर पाहिली गेली. पण ख्रिस्तप्रसाद पडद्यातून हातावर येत नाही, तो उपास खराच होता. १ जुलै २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. फेसबुकवरची दिंडी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती आणि त्या वर्षी घरात बसलेल्यांना तिचा आधार झाला. तरी वारी म्हणजे चालणं. पाय न दुखता झालेली वारी स्वतः वारकरीच वारी मानत नाही. डहाणूच्या महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा भरली नाही. तिथे येणाऱ्या आदिवासींच्या अनेक पाड्यांवर तर नेटवर्कच नव्हतं, त्यांच्यासाठी ‘ऑनलाइन पर्याय’ हा शब्दच पोकळ होता.

किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतलं स्वाध्यायाचं उदाहरण मात्र थांबून पाहण्याजोगं आहे. पांडुरंगशास्त्री आठवले यांची प्रवचनं इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून गावोगावी व्हिडिओवर दाखवली जात होती. म्हणजे बोलणारा पडद्यावर, ऐकणारे एकत्र. लोक चटईवर शेजारी शेजारी बसायचे, प्रवचन संपल्यावर त्यावर बोलायचे, आणि भावफेरीला दुसऱ्याच्या गावी, दुसऱ्याच्या दारात जायचे. ‘मत्स्यगंधा’ नावेवर आळीपाळीने श्रमभक्तीला जायचे, त्या दिवशीची मासळी देवाची. पडदा होता, पण तो एका गावाला एक होता. २०२० मध्ये पडदा माणसागणिक एक झाला. माझ्या मते खरा बदल इथे आहे. पडदा आल्याने समाज तुटला असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाला आपापला पडदा मिळाला तेव्हा शेजारची चटई रिकामी आहे हे दिसेनासं झालं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. मौन टिकलं आणि भजन टिकलं नाही, हा यंत्राचा हिशेब झाला. यंत्र सुधारेल, मिलिसेकंद कमी होतील, कदाचित आणखी काही वर्षांत चर्चगेटचा माणूस आणि सफाळ्याचा माणूस फोनवर एका ठेक्यात टाळ वाजवतील. तरीही समाज टिकला की नाही हे त्यावरून ठरणार नाही. ते ठरेल न आलेल्या माणसाची दखल घेतली जाते की नाही, यावरून. ज्या फ्रेंड्सच्या सभा ऑनलाइन होऊनही जिवंत राहिल्या, त्यांच्यात सभेआधी फोन करून ‘तुमचा दुवा उघडतोय ना?’ असं विचारणारी माणसं होती, सभेनंतर न दिसलेल्यांची चौकशी करणारी माणसं होती. सभेची काळजी वाहायला आणि एकमेकांच्या अडीअडचणी पाहायला माणसं नेमायची, ही त्यांची फार जुनी पद्धत. पुजारी नाही म्हटल्यावर हे काम सगळ्यांनी वाटून घ्यावंच लागतं. तीच पद्धत पडद्यावर नेली गेली. आणि जिथे कुणी हे केलं नाही, तिथे उपासना एक वाहिनी झाली: चालू केली, पाहिली, बंद केली. यूट्यूबवरच्या कीर्तनाला किती जणांनी पाहिलं हे यंत्र बरोबर सांगतं. रोज पाहणारी एखादी बाई आज का आली नाही, हे त्याला ठाऊक नसतं आणि बुवांनाही नसतं.

आपल्याकडे हे करणं अवघड नाही, आणि म्हणून तीन गोष्टी सुचवून मी थांबतो. गावातल्या हरिपाठाला, सप्ताहाला, बैठकीला, मिस्सेला आणि या व्याख्यानमालेलाही ज्यांना वयामुळे किंवा आजारामुळे येता येत नाही, अशांची यादी करावी; ती दहा-बारा नावांची असली तरी पुरे. त्यांच्यासाठी एक फोन स्टँडवर लावावा, पण त्या फोनपाशी एक माणूस नेमावा, ज्याचं काम चित्रण करणं नसेल. पलीकडच्या माणसाचं नाव घेऊन त्याच्याशी बोलणं, त्याला आवाज येतोय का विचारणं आणि कार्यक्रम संपल्यावर त्या आठवड्यात त्याच्या घरी एक चक्कर टाकणं, हे त्याचं काम. आणि गाडीतल्या मंडळांनी आपल्या गटांत नुसते फोन नंबर न ठेवता प्रत्येकाच्या घरचा पत्ता आणि घरातल्या एका माणसाचं नावही लिहून ठेवावं. सतरा महिन्यांच्या त्या काळात ही एवढी नोंद असती, तर कितीतरी दारं वेळेवर वाजली असती.

आजच्या सभेत अशा मंडळांतली मंडळी बसलेली आहेत, हे मला समोर दिसतं आहे. त्या दिवसांत तुम्ही एकमेकांची खबर कशी घेतलीत, कुणी पुढाकार घेतला, कोण हातातून निसटलं, हे लिहून ठेवलं गेलेलं नाही. प्रश्नोत्तरांसाठी राखलेला वेळ माझ्याऐवजी तुम्ही वापरावा आणि ते सांगावं, अशी अध्यक्षांच्या परवानगीने माझी विनंती आहे.